पुडी अजून उघडू नका

पत्राचा सारांश: इंदूरच्या सुदामा नगरमधून एका शिक्षिका ताईंनी लिहिलं आहे. त्यांच्या सासूबाई 67 वर्षांच्या. मधुमेह 11 वर्षांपासून, बीपी 8 वर्षांपासून. सकाळी फिरायला येणाऱ्या मैत्रिणींमुळे त्या निसर्गोपचार सांगणाऱ्या एका गृहस्थांचे व्हिडिओ बघू लागल्या. गेले तीन महिने सकाळी दुधी, कारलं आणि गुळवेलीचा रस, रात्री जेष्ठमधाचा काढा आणि जेवणात फक्त सैंधव असं सुरू आहे. याच काळात रोज 40 मिनिटं चालणं सुरू झालं, संध्याकाळची शेव आणि रविवारची जिलेबी बंद झाली. उपाशीपोटीची साखर 168 वरून 131 वर आली. त्या आनंदात सासूबाईंनी तीन आठवड्यांपूर्वी बीपीची गोळी सोडली, साखरेची गोळी एक दिवसाआड केली. डॉक्टरांना सांगितलेलं नाही, ‘ते रागावतील’ म्हणून. आता ‘45 दिवसांत शुगर मुळापासून गायब’ असं छापलेली चूर्णाची पुडी कुरियरने आली आहे आणि सोमवारपासून ती सुरू करायची आहे. ताईंचे यजमान म्हणतात, सगळी बकवास. सासूबाई म्हणतात, आमचे अण्णा वैद्य होते, मला शिकवू नका. ताई विचारतात: ‘साखर खरंच उतरली हे मी डोळ्यांनी पाहिलं. नैसर्गिकच तर आहे, अपाय काय होणार? पाकिटावर सरकारी नंबरही आहे. तरी मन खातं. विश्वास कोणावर ठेवायचा?’ ता. क. मध्ये लिहिलंय की त्यांना स्वतःला थायरॉइड आहे, आणि सासूबाईंच्या आग्रहाने त्याही तोच रस घेतात.

प्रिय ताई,

आधी दोन कामं, मग बाकीचं बोलू. ती पुडी उघडू नका. आणि हे वाचून झालं की सासूबाईंना पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसवा, हात छातीच्या उंचीवर ठेवा आणि बीपी दोनदा मोजा. आकडे लिहून ठेवा आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आजच फोन करा. तीन आठवडे बंद असलेली गोळी जशी आपल्या मनाने सोडली तशी आपल्या मनाने सुरूही करायची नाही, ते डॉक्टरांना ठरवू दे. वरचा आकडा 180 च्या किंवा खालचा 120 च्या पुढे असेल आणि सोबत छातीत दुखणं, धाप, जीभ जड होणं, एक हात किंवा पाय लुळा वाटणं यांतलं काहीही असेल, तर फोनची वाट न बघता एम. वाय. किंवा जवळचं जे हॉस्पिटल असेल ते गाठा. मी तुम्हाला घाबरवत नाही. बीपी वाढलेला माणूस बहुतेक वेळा अगदी ठणठणीत दिसतो, त्याला काहीच जाणवत नसतं. म्हणून ‘गोळी सोडूनही मला छान वाटतंय’ या वाक्याला बीपीच्या बाबतीत काही किंमत नाही. काही गोळ्या तर एकदम सोडल्या की बीपी पूर्वीपेक्षाही वर उसळतो.

आता तुमचा प्रश्न. तो मी थोडा बदलून घेते, कारण ‘कोणावर विश्वास ठेवायचा’ असं विचारलं की घरात दोन पक्ष पडतात, आणि तुमच्या घरात ते पडले आहेतच. त्या गृहस्थांच्या अर्ध्या तासात समजा पाच गोष्टी येतात. रोज चाला. रात्री उशिरा जेवू नका. मेथी भिजवून खा. गुळवेल सगळ्यांना चालते. गोळ्या म्हणजे विष. पहिल्या दोन खऱ्या आहेत. तिसरी बऱ्याच अंशी खरी. चौथी अर्धवट, आणि पाचवी जिवावर बेतणारी. पण पहिल्या दोन गोष्टींचा लगेच अनुभव आला, अंग हलकं वाटलं, झोप लागली, की त्यातून कमावलेला सगळा विश्वास आपण पाचव्या गोष्टीवर खर्च करतो. तुमचे यजमान हेच उलट बाजूने करतात: पाचवी खोटी म्हणून पाचही खोट्या. मग सासूबाईंना स्वतःच्या अनुभवाचा अपमान झाल्यासारखं वाटतं आणि त्या आणखी घट्ट धरून बसतात. त्यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही, चालण्याचा फायदा त्यांना खरोखर झाला आहे.

तेव्हा माणूस तोलू नका, एकेक वाक्य तोला. आणि प्रत्येक वाक्याला विचारा, हे चुकीचं निघालं तर आपलं काय जाईल? मेथीचं चुकलं तर चमचाभर मेथी गेली. गोळी सोडायचं चुकलं तर मेंदूतली रक्तवाहिनी जाऊ शकते. दोन्हींना सारखाच पुरावा मागायचा नसतो. जितकं जास्त जाऊ शकतं, तितका पुरावा भक्कम हवा.

साखर उतरली हे तुम्ही पाहिलंत, ते खरंच आहे. पण 131 आली तेव्हा काय काय चालू होतं ते आठवा. चालणं सुरू झालेलं, शेव-जिलेबी बंद झालेली, आणि मुख्य म्हणजे गोळ्या तेव्हा रोज चालू होत्या. गोळ्या कमी केल्या त्या हा आकडा बघितल्यानंतर. म्हणजे 131 हा गोळ्या सोडल्यावरचा आकडा नाहीच, तो गोळ्यांसकटचा आहे. इतक्या सगळ्या बदलांत श्रेय एकट्या रसाला देणं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी तसं आहे. इंदुरात राहून संध्याकाळची शेव सोडणं ही लहान गोष्ट नाही. ते त्यांनी स्वतः केलंय, व्हिडिओतल्या माणसाने नाही. हे त्यांना एकदा मनापासून सांगा. मला वाटतं याने अर्धी गाठ सुटेल.

श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होण्याचं मोठं उदाहरण 2024 च्या नोव्हेंबरात देशाने पाहिलं. एका प्रसिद्ध माजी क्रिकेटपटूंनी पत्नीचा कॅन्सर हळद, कडुनिंब, लिंबू आणि उपवासाने गेल्याचं सांगितलं. त्यानंतर टाटा मेमोरियलच्या आजी-माजी 262 कॅन्सरतज्ज्ञांना एकत्र निवेदन काढावं लागलं की अशा दाव्यांवर भरवसा ठेवून उपचार लांबवू नका. त्या बाईंची शस्त्रक्रिया झाली होती, केमोथेरपी झाली होती. पण लोकांच्या लक्षात राहिली ती हळद.

साखरेचं खरं चित्र हवं असेल तर एका सकाळच्या आकड्यावर जाऊ नका, एचबीए1सी ही रक्ताची तपासणी करून घ्या. त्यात गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी कळते. आता एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा.

तुमचं दुसरं वाक्य, ‘नैसर्गिकच तर आहे’. नैसर्गिक एका बाजूला आणि केमिकल दुसऱ्या बाजूला, अशी रेघ आपण सगळेच मारतो. मी तीस वर्षं फार्मसीच्या मुलांना शिकवलं, आणि ही रेघ पुसणं हेच पहिल्या वर्षाचं काम असायचं. मधुमेहात सर्वांत जास्त दिली जाणारी गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. कदाचित सासूबाईंचीही तीच असेल. तिचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपात आहे. त्या झुडपातलं जे द्रव्य साखर उतरवतं ते तसंच्या तसं घेणं धोक्याचं होतं, म्हणून त्याचा सौम्य भाऊबंद प्रयोगशाळेत तयार केला.

आपल्याकडचीच गोष्ट हवी तर सर्पगंधेची घ्या. आपले वैद्य पिढ्यान्‌पिढ्या ती मुळी देत आले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या 50 रुग्णांना दिली, मोजमापं ठेवली आणि 1949 साली ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात निष्कर्ष छापले. जग चकित झालं. 1952 मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि ते बीपीचं मोठं औषध बनलं. मग हजारो रुग्णांच्या नोंदींतून दुसरी बाजूही दिसली: नाक चोंदतं, काहींचं मन खिन्न होतं. त्यामुळे चांगली औषधं आल्यावर ते मागे पडलं. मला ही कहाणी फार मोलाची वाटते. आपल्या मुळीचा मान वाढला तो तिला मोजलं म्हणून, आणि अपाय कळले तेही मोजलं म्हणूनच. यातून एक खूण हाताशी ठेवा. कोणताही उपाय ऐकताना ‘हे कोणी घेऊ नये’ हे वाक्य त्यात येतं का ते बघा. येत नसेल, सगळ्यांना चालतं, कितीही चालतं, कशावरही चालतं असं असेल, तर सांगणाऱ्याने मोजलेलं नाही.

आता तुमच्या स्वयंपाकघरात येते.

मेथी राहू द्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मेथीवर खरोखर प्रयोग झाले आहेत आणि साखर काही प्रमाणात उतरते असं दिसलं आहे. रोज 25 ग्रॅमच्या आसपासचं प्रमाण तिथे वापरलं होतं. आपण टाकतो ते आठ-दहा दाणे म्हणजे काहीच नाही. मात्र मेथी गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही.

दुधी आणि कारल्याचा एकत्र रस मला मुळीच मान्य नाही, आणि त्याचं कारण नीट समजून घ्या. एखादा दुधी कडू निघतो. तो कडूपणा ज्या द्रव्याने येतो ते विषारी असतं. उलट्या, रक्ताची उलटी, बीपी एकदम खाली जाणं इथपर्यंत मजल जाते. 2010 मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा रस प्यायल्यावर मृत्यू झाला, त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या विषयाचा अभ्यास केला. सांगणं साधं आहे: दुधीचा तुकडा आधी चाखा, कडू लागला तर थुंका आणि दुधी फेकून द्या. पण तुम्ही त्यात कारलं घातलंत की कडू दुधी ओळखणार कसा? जीभ हा आपला एकमेव पहारेकरी, त्यालाच आपण झोपवतो. दुधी खायचा तर भाजी करून, चाखून. कारल्याची भाजीही चालेल. रोज पेलाभर कारल्याचा रस आणि वर साखरेची गोळी असं झालं तर साखर नको तेवढी खाली जाऊ शकते, घाम फुटतो, हात थरथरतात, ते लक्षात असू द्या.

गुळवेलीवर वाद आहे आणि तो दोन्ही बाजूंनी सांगते. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, पुढे देशातल्या अनेक केंद्रांतून आणखी रुग्णांची नोंद झाली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी एक जात आहे, तिच्याशी गल्लत झाली असावी. यात बरोबर कोण यावर तज्ज्ञांनी भांडावं. पण जिथे वेल ओळखण्यावरूनच वाद आहे, तिथे शेजारच्या कुंपणावरची किंवा बाटलीतली वेल कोणती हे आपण कशाच्या आधारावर ठरवणार? सासूबाईंची यकृताची तपासणी होईपर्यंत गुळवेल बंद.

जेष्ठमध बीपी असलेल्या माणसाने रोज घ्यायचा नाही. घसा बसला तर एखादा तुकडा चघळणं वेगळं, रोजचा काढा वेगळा. त्याने शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम कमी होतं आणि बीपी चढतो. म्हणजे या तीन आठवड्यांत गोळी बंद आणि बीपी वाढवणारा काढा सुरू, असं दोन्हीकडून झालं आहे. आणि सैंधव, तेही मीठच. त्यात बहुतेक सगळं सोडियम क्लोराइडच असतं, फक्त बहुतेक वेळा आयोडीन नसतं. सैंधव म्हणून हात सैल सुटला तर फायद्याऐवजी तोटाच.

पुडीबद्दल मात्र मला घरचं सांगायचं आहे. माझ्या वडिलांचे गुडघे धरले होते. ओळखीतल्या कोणीतरी एका पुडीवाल्याचं नाव सांगितलं. आठ दिवसांत बाबा जिना चढायला लागले. मी स्वतः फार्मसी शिकवत होते, तरी मी एकदाही विचारलं नाही की यात काय आहे, कारण मला त्यांना चालताना बघायचं होतं. चार महिन्यांत चेहरा गोल झाला, कधी नव्हती ती साखर वाढली. मग पुड्या संपल्या, तो माणूस फोन उचलेना, आणि तिसऱ्या दिवशी बाबा पलंगावरून उठू शकले नाहीत. पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं होतं. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, आणि मग बाहेरचं एकदम तोडलं की माणूस कोसळतो. म्हणून कोणी वाचक अशी बिननावाची पुडी महिनोन्‌महिने घेत असाल तर एकदम थांबवू नका, ती पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा. साखरेच्या पुड्यांत साखर उतरवणाऱ्या ॲलोपॅथीच्या गोळ्या कुटून घातलेल्याही सापडल्या आहेत. धातूंचं वेगळंच. 2008 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंटरनेटवरून मागवलेली 193 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, पाचव्या हिश्शाच्या आसपास उत्पादनांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. भारतात बनलेल्या आणि अमेरिकेत बनलेल्या मालात प्रमाण जवळजवळ सारखंच होतं.

पाकिटावरचा तुम्ही म्हणता तो ‘सरकारी नंबर’ मोजून बघा. 14 आकडी असेल तर तो खाद्यपदार्थांच्या परवान्याचा, जो लोणच्याच्या बरणीवरही असतो. त्याने औषध सिद्ध होत नाही. आयुर्वेदिक औषधावर बनवण्याच्या परवान्याचा क्रमांक, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, उत्पादकाचा पत्ता आणि घटकांची यादी असावी लागते. आणि ‘शुगर मुळापासून गायब’ हे वाक्यच पुरेसं आहे. आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्ध आपल्याकडे 1954 पासून कायदा आहे. ज्या आजारांवर बरं करण्याची जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत मधुमेह आहे, रक्तदाबही आहे. जो पहिल्याच ओळीत कायदा मोडतो, त्याने आत काय भरलंय याची खात्री कोण देणार?

अण्णांबद्दल. सासूबाईंचा हा मुद्दा टाळू नका, त्यांच्या मनात सगळ्यात खोल तोच आहे. त्यांनाच विचारा, आई, अण्णा औषध कसं द्यायचे? त्या सांगतील: नाडी बघायचे, जीभ बघायचे, काय खाल्लं, झोप कशी, घरात कोणाला काय झालं ते विचारायचे, आणि दोन माणसांना एकच खोकला असला तरी पुडी वेगळी बांधायचे. चार दिवसांनी परत बोलवायचे. यातलं व्हिडिओतले गृहस्थ काय करतात? त्यांनी सासूबाईंना पाहिलेलंच नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातच सांगितलंय की न जाणलेलं औषध हे विषासारखं, शस्त्रासारखं, आगीसारखं आणि विजेसारखं असतं, आणि जाणलेलं अमृतासारखं. अण्णांना हे पाठ असणार. आयुर्वेदावर त्यांची श्रद्धा असेल तर ती जपायला जागा आहे. तुमच्याच बाजूला लोकमान्य नगरला सरकारी अष्टांग आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथे वैद्यांना प्रत्यक्ष दाखवा, मात्र चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेवा.

आणि डॉक्टर रागावतात हेही खरं आहे, मी नाकारत नाही. तीन मिनिटांत चिठ्ठी लिहून पुढचा पेशंट बोलावणाऱ्यापेक्षा, अर्धा तास ‘माताजी’ म्हणत बोलणारा माणूस जवळचा वाटतो. पण लपवलं तर डॉक्टर वाढलेला बीपी बघून नवी गोळी चढवतील, कारण जुनी बंद आहे हे त्यांना ठाऊक नाही. म्हणून एक पिशवी करा. गोळ्या, रसाची बाटली, जेष्ठमध, ती पुडी, सगळं तिच्यात. टेबलावर मांडा आणि तुम्ही बोला, सासूबाईंना बोलायला लावू नका. ‘डॉक्टर, यातलं काय चालेल, काय नाही, आणि आईंची साखर अशीच राहिली तर गोळी कमी करता येईल का?’ हा शेवटचा प्रश्न त्यांच्यासमोर नक्की विचारा. वजन उतरलं, चालणं टिकलं, तर डॉक्टर खरोखर गोळ्या कमी करतात. गोळ्या कमी व्हाव्यात ही इच्छा रास्त आहे, आणि तिला डॉक्टरांकडूनच वाट मिळते हे त्यांना कळू दे.

यजमानांना मात्र आठवडाभर या विषयावर गप्प राहायला सांगा. मुलाने मनाई केली की रस मैत्रिणीकडे जाऊन पिणं सुरू होईल, आणि मग तुम्हाला काहीच कळणार नाही.

तुमच्या ता. क. ला उत्तर. थायरॉइडची गोळी सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्या. त्यानंतर अर्धा ते एक तास चहा नाही, पोहे नाहीत, रस तर नाहीच. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी घेत असाल तर मध्ये चार तास जाऊ द्या. गेल्या तीन महिन्यांत गोळीवर लगेच रस पीत असाल, तर ती नीट शोषली गेली नसेल, तेव्हा पुढची टीएसएच तपासणी लांबवू नका. सोमवारी सासूबाईंचं रक्त द्यायला जाल, त्याच वेळी तुमचंही देऊन या.